खिशातली काडतुसं

आमच्या रायफल क्लबात येणारा हा गृहस्थ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. बावीस बोअरची काडतुसं आम्ही सगळे डबीत घालून कुलपात ठेवतो. हा ती शेंगदाण्यासारखी शर्टाच्या खिशात घेऊन गावभर फिरतो. कुणी नवं माणूस भेटलं की खिसा थोपटून वाजवतो, म्हणजे समोरच्यानं विचारावं.

या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, तिथं दणका किंवा चटका बसला तर ते फुटू शकतं, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. "लई घाबरता की तुमी," एवढंच त्याचं उत्तर.

मागच्या रविवारी मी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या बाईंकडं कपडे द्यायला गेलो, तर तो तिथं उभा होता. बाईंनी त्यानं आणलेल्या शर्टाच्या खिशावर इस्त्री टेकवली आणि खाली टणक लागताच लगेच उचलली. खिशातून एक काडतूस निघालं.

"हे काय हाय, साहेब?"

"बंदुकीची गोळी हाय."

बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. "बाईंचा डोळा गेला असता!" मी ओरडलो.

त्यानं शर्ट उजेडात धरून खिसा निरखला. "हितं चुणी राहिली की. पुन्हा फिरवा."

बाईंनी काडतूस परत त्याच खिशात टाकलं, शर्ट पसरला आणि तापलेली इस्त्री त्याच्यापुढं सरकवली.

"तुमीच फिरवा."

तो दोन पावलं मागं सरला.