हॉलमधलं पाणी

मी निवृत्त झालो आणि लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. नोएडात आमचा एक फ्लॅट होता, पण भाडेकरूंनी त्याच्या फरशीची पार वाट लावली होती. "राहायला जाण्याआधी निदान टाइल्स तरी बदलून घेऊ," बायको म्हणाली.

आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी आई. आईला विसर पडत चालला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग वार, मग माणसं. हातातला पेला मध्येच कलंडायचा. कधी बाथरूमपर्यंत पोचायला उशीर व्हायचा. फरशी निवडताना आमच्या डोक्यात तेवढंच होतं.

दुकानदारानं दोन टाइल्स पालथ्या करून त्यांवर पाणी शिंपडलं. "देखिए सर, सिरॅमिक पानी पीती है, पोर्सिलेन नहीं पीती." पोर्सिलेन जास्त आचेवर भाजलेली, टणक, आत काही मुरत नाही, वास धरत नाही, असं त्यानं समजावलं.

"अहो, मग पोर्सिलेनच घेऊ या," बायको म्हणाली. "आईंचं काही सांडलं तर चटकन पुसून निघेल."

बाथरूमला आम्ही खरखरीत टाइल्स घेतल्या. बाकी घराला पांढऱ्या, चकचकीत. आईला कमी दिसतं, घर उजळ असलेलं बरं, असा माझा विचार.

आईला घेऊन आलो तेव्हा दुपार होती. दार उघडलं तर खिडकीतलं ऊन थेट फरशीवर पडलेलं. आई उंबऱ्यातच थांबली.

"अरे, घरात पाणी भरलंय."

"पाणी नाही गं, नवी फरशी आहे." मी आत जाऊन पाय आपटून दाखवला. बायको चक्क खाली बसली, तिनं फरशीवर हात फिरवून कोरडा तळवा आईसमोर धरला. "बघा ना आई, बिल्कुल कोरडं आहे." आईनं तळवा पाहिला, फरशी पाहिली आणि दाराची चौकट घट्ट धरली. मी तिचा हात ओढला तेव्हा ती रडायलाच लागली. "बुडवतोस का रे मला?"

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. चकाकणारी जमीन पाण्यासारखी दिसते, समजावून उपयोग नाही. मग आम्ही सतरंजी अंथरली. ती गुळगुळीत फरशीवरून सरकली, आई पडता पडता वाचली आणि सतरंजीवरचा तिचा विश्वासच उडाला. गडद रंगाचा गालिचा आणला, तर तिथे तिला खड्डा दिसायला लागला. ठेकेदाराला बोलावलं. "तोडनी पड़ेगी," तो म्हणाला. "धूल बहुत होगी, माताजी को कहीं और रखना पड़ेगा." कुठे ठेवणार होतो? नुसतं घर बदललं तर तिचं हे झालं होतं.

बाल्कनीतल्या टाइल्सना मात्र आम्ही हात लावला नव्हता. बिल्डरनं बसवलेली स्वस्तातली, मातकट सिरॅमिक. डोळे मिटून, आम्हा दोघांचे हात धरून आई कशीबशी हॉल ओलांडायची, पण तिथे खुर्ची ठेवली की आरामात पाय टेकून बसायची, शेंगा सोलायची. ऑक्टोबर असाच गेला. मग दिवाळी झाली, हवा राखाडी झाली, समोरचे टॉवर दिसेनासे झाले. आईला खोकला लागला. आत हवा साफ करायचं मशीन चालू आणि आई बाहेर. "आत चल ना गं," मी दिवसभर म्हणायचो. ती नुसती मान हलवायची.

शेवटी ती हात धरूनही येईना, तेव्हा तिला खुर्चीसकट उचलायला लागलो. मी पाठीकडून, बायको पायांकडून. आई साडी वर खेचून पाय उचलून धरते आणि तिच्या पलंगापर्यंत सारखी बजावत राहते, "सांभाळून. खोल आहे तिथे." बाथरूमला नेतानाही तसंच. माझी कंबर आता धरायला लागली आहे. बायकोचे गुडघे मुळातच दुखतात. हे आणखी किती दिवस जमेल, आम्हा दोघांनाही माहीत नाही.

काल पलंगावर टेकवल्यावर आईनं माझ्या पायांकडे पाहिलं. "किती भिजलास रे," ती म्हणाली आणि पदर पुढे केला. मी तिच्याजवळ बसलो आणि पाय वर घेतले. ती ते कोरडे पाय बराच वेळ पुसत राहिली.