हिरवी वायर

कचरू हे नाव काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसऱ्याला कचरू म्हटलं. कचऱ्याकडं कोण बघतंय, मरण आलं तरी नाक मुरडून पुढं जाईल, एवढाच हिशेब. लोणी काळभोरच्या बाजूला असे कचरू आणि धोंडू पुष्कळ निघतील. कचरूअण्णांच्या बाबतीत हिशेब बरोबर निघाला. हडपसरच्या एका कारखान्यात जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, आणि करंट कधी त्यांच्या वाटेला गेला नाही.

निवृत्तीनंतर ते घरी ॲम्प्लिफायर बनवू लागले. "विकत मिळतो की," असं कुणी म्हटलं, की "पोळ्याही विकत मिळतात, तुमच्या घरी करायच्या थांबल्यात का?" हे ठरलेलं उत्तर. दुसरं वेड अर्थिंगचं. पत्र्याच्या पेटीत करंट उतरलाच, तर तो हिरव्या वायरीतून जमिनीत गेला पाहिजे. हिरवी वायर नसेल, तर तो हात लावणाऱ्या माणसातून जातो. हे त्यांनी अख्ख्या गल्लीला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. पण म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती एक लेक आम्रपाली बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे एकटे अण्णाच. आई चंद्रभागा तीन वर्षांपूर्वी गेलेली. बाळाचं नामकरण विहारात व्हायचं होतं आणि आम्रपालीनं एकच हट्ट धरला होता. "पाळणा आईच्या आवाजात पाहिजे."

आवाज होता. एकाच कॅसेटवर होता. आम्रपाली पोटात असताना, सातव्या महिन्यात, चंद्रभागेनं म्हटलेला पाळणा अण्णांनी टेप केला होता. मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, म्हणून गाण्यात नुसतं 'बाळा, बाळा'. पुढं ती कधी टेपसमोर बसली नाही. "मेल्यावर ऐकाल," म्हणायची आणि हसायची.

अण्णांनी कॅसेट नव्या ॲम्पवर लावली, तर तिच्या आवाजावर घूंऽऽ असा हम. भिंतीपलीकडं कुणीतरी तोंड मिटून बसलंय आणि काही सांगायचं राहिलंय, असा. अण्णांनी वायरी हलवल्या, कॅपॅसिटर बदलले, कॅसेट प्लेअर लांब ठेवून पाहिला. हम काही जाईना. ट्रान्सफॉर्मरवर त्यांना शंका आली नाही, कारण तो त्यांनी स्वतः जुन्या बाजारातून पारखून आणला होता आणि आपल्या पारखीवर शंका घ्यायची अण्णांना सवय नव्हती.

नामकरण जवळ आलं. एका दुपारी, ऊन असं की गल्लीतलं कुत्रंही भुंकेना, अण्णांनी थ्री-पिन उघडली आणि हिरवी वायर सोडवली. फक्त बघायला.

हम गेला. एकदम गेला. खोली इतकी शांत झाली की अण्णांच्या अंगावर काटा आला. मग चंद्रभागेचा श्वास ऐकू आला, बांगड्या वाजल्या आणि ती गाऊ लागली, बाजेवर शेजारीच बसल्यासारखी.

मोरीत लंगोट धूत असलेली आम्रपाली तशीच धावत आली. अनवाणी, कोपरापर्यंत ओली. तिचे डोळे भरले होते. पाळणा संपला. "अण्णा, अजून मोठा करा ना," म्हणत तिनं पेटीवरच्या लोखंडी बटणाकडं हात नेला.

"आमू, हात लावू नगं."

स्पीकरमधून. हळू, पण दरडावून. लहानपणी चुलीपाशी ऐकलेला तो आवाज. आम्रपालीचा हात आपोआप मागं आला. मग टेपवर खट् झालं आणि नुसती खरखर राहिली.

अण्णांनी टेस्टर पेटीला टेकवला. दिवा भक्कन पेटला. ट्रान्सफॉर्मर आतून गळत होता. इतके दिवस ती गळती हिरव्या वायरीतून जमिनीत जात होती. घूं घूं करत होती ती तीच. वायर सोडवून अण्णांनी अख्खी पेटी जिवंत करून ठेवली होती. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या. पोरीचे पाय ओले होते. अण्णांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तिथंच भुईवर बसून लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच स्क्रूवर आणल्या, हिरवी वायर जागच्या जागी आवळली. हम नाही, खरखर नाही, चंद्रभागेचा आवाज स्वच्छ. पाळणा संपला, थोडी शांतता, मग खट्.

मधलं वाक्य नव्हतं.

त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"तुम्ही पुसलंत ते," आम्रपाली चिडून म्हणाली.

"पुसाया असाया तर पायजे." अण्णांनी कॅसेट बाहेर काढून हातात धरली. "ही टेप केली तवा तू पोटात व्हतीस, बाय. तुझं नाव कुठं ठेवलं व्हतं?"

आम्रपाली उठली. ती बाळाला घेऊन आत गेली. संध्याकाळी मात्र परत आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, तो जुना ट्रान्सफॉर्मर एकदाच लावा ना. वायर सोडा. मी लांब बसेन, शपथ."

अण्णांच्याही मनात सकाळपासून तेच होतं. जुना ट्रान्सफॉर्मर त्यांनी फेकला नव्हता; खाटेखाली फडक्यात बांधून ठेवला होता. त्यांनी तो बाहेर काढला, मांडीवर घेतला. मग कटर घेऊन त्याच्या तारा मुळापासून कापल्या.

"ह्येच्यासाठी बोलली व्हती का ती?" ते म्हणाले.

विहारात त्रिसरण-पंचशील झालं, बाळाचं नाव सांगितलं गेलं, आणि चंद्रभागा गायली. बाया डोळे पुसत होत्या. पाळणा संपल्यावर, खट् व्हायच्या आधीच्या त्या शांततेत, आम्रपालीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि कान देऊन ऐकत राहिली. स्पीकर काही बोलला नाही.

अण्णा तिच्याकडं वाकले. "गप हाय न्हवं? म्हंजे समदं बरं हाय."