आठ सूत पत्र्याची परीक्षा

कुठलाही पत्रा समोर आला की मिस्त्री आधी त्याला पालथा हात लावायचे, आजाऱ्याचा ताप पाहावा तसा. मग कड चिमटीत धरून म्हणायचे, "पत्रापत्रामा फरक ऱ्हास, भाऊ."

चिमटीने जाडी ओळखणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मिस्त्री ती सुतात सांगत. आठ सूत म्हणजे एक इंच. एकदा स्टोअरकीपरने त्यांचे डोळे बांधून पाच पत्रे पुढे ठेवले. चार त्यांनी बरोबर सांगितले. पाचवा हातात घेऊन म्हणाले, "हाई तर तुन्हा डबानं झाकन शे."

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. शहाद्याकडे एका बंधाऱ्याच्या लोखंडी दरवाजांचे काम चालू होते. मिस्त्री कोरीटचे, वेल्डर. मी पंचविशीतला सुपरवायझर. चाचण्यांची वही माझ्याकडे. जोडायची पद्धत प्रत्येक जाडीसाठी आधी तपासायची, असा नियम होता. दोन तुकडे जोडायचे, त्यातून पट्टी कापायची आणि ती वाकवायची. सांधा फाटला नाही तर पद्धत मंजूर.

चार सूत पत्र्याची पट्टी नालासारखी वाकली, सांधा शाबूत राहिला. आठ सुताची पट्टी वाकवायला आमच्याकडे यंत्र नव्हते. ती बाहेरगावी पाठवायची म्हणजे आठ-दहा दिवस जाणार, आणि वरून घाई होती. मी चार सुताचाच निकाल आठ सुताच्या रकान्यात लिहिला. हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे.

मिस्त्री दोनदा सांगायला आले. जाड पत्रा सांध्यातली उष्णता ओढून घेतो, सांधा झटकन थंड होऊन तडकतो. तेव्हा पत्रा आधी तापवू द्या, परीक्षा होऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, वहीत झाली आहे, तुम्ही जोडा. त्यांनी जोडले आणि रीतीप्रमाणे सांध्याशेजारी आपला नंबर ठोकला.

दरवाजा पहिल्यांदा उचलला तेव्हा तोच सांधा फाटला. कुणाला लागले नाही. चौकशीला बाहेरचे साहेब आले. त्यांना अहिराणी कळत नव्हती. मिस्त्रींना मराठी समजे, पण बोलता येत नसे. दुभाषी मीच.

साहेबांनी विचारले, "आठ सूत पत्र्याची परीक्षा झाली होती का?"

मिस्त्री म्हणाले, "व्हयनी. पन चार सूतनी. आठ सूतनी नही व्हयनी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "झाली होती, म्हणतात."

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. चार सुताची झाली, आठ सुताची नाही, हे वाक्य मी पुरे करीन म्हणून ते थांबले होते. मी वही उघडून साहेबांपुढे सरकवली. पद्धत तपासलेली, म्हणजे दोष हाताचा, असे ठरले. मिस्त्रींना कामावरून काढले. जाताना हातमोजे माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "जास मी, साहेब." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी साहेब म्हटले नव्हते.

सात-आठ वर्षांनी मी कोरीटला गेलो, सगळे सांगून टाकायचे ठरवून. मिस्त्री जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या पत्नीने चहा दिला. ते पुढे केळीच्या मळ्यात मजुरीला जात, असे ती सांगू लागली. नंदुरबारच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून बोलावणे यायचे, तेव्हा म्हणायचे, मन्हा हातनं काम कच्चं ऱ्हास. थट्टेने म्हणत की खरेच, ते तिला कधी कळले नव्हते.

मग तिने विचारले, "भाऊ, खरं सांगा. त्यास्नं काम कच्चं व्हतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

तिने गोठ्यातून मोठ्या मुलाला हाक मारली आणि मला तेच पुन्हा म्हणायला लावले. त्याने हात पुसत ऐकून घेतले.

"मंग चूक कोननी व्हती?" त्याने विचारले.

मी म्हणालो, माझ्या मोटारीची वेळ झाली.

मोटारीला अजून दोन तास होते. ते मी फाट्यावर, गावाकडे पाठ करून बसून काढले.