पाचशे चारवाल्या बाई

पिल्लू यायचं होतं शनिवारी, पण त्याचं सामान सोमवारपासूनच येऊन पडायला लागलं. रोज दाराशी नवा खोका. घसरून नाजूक गुडघे निसटू नयेत म्हणून घरभर अंथरायच्या जाड रबरी चटया, सोफ्यावर चढायला तीन पायऱ्यांचा जिना, शूसाठी कापडी पॅड, बुटकं कुंपण. आणि गुरुवारी चक्क बाबागाडी. कुत्र्याची.

"अहो, पिल्लू येतंय की राजघराण्यातली सून?" फिलसुन नवऱ्याला म्हणाली. "किलोभराचा जीव तो. माझ्या किमचीच्या बरणीत मावेल."

मानबोक जमिनीवर बसून चटई कापत होता. "लसी पुऱ्या होईपर्यंत दुबूला बाहेर खाली सोडायचं नसतं. गाडी लागतेच." पिल्लू पांढरं, म्हणून नावही ठरवून झालं होतं. दुबू, म्हणजे टोफू.

चौतीस वर्षं कोरियातल्या जॉन्जू शहरात बस चालवून हा माणूस वसंतात निवृत्त झाला आणि तेव्हापासून सोफ्यावर बसून भिंत बघत राहिला. मग सातव्या मजल्यावरच्या गीजुनच्या आईच्या माल्टीज कुत्रीला पिल्लं झाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'मला हवंय' असं काही निघालं. म्हणून फिलसुन दातओठ खाऊन गप्प होती. पिल्लू मिळालं नाही तर हा पुन्हा सोफ्यावर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मिळणंही काही नक्की नव्हतं. गीजुनची आई म्हणे आधी घर बघणार. एकतीस वर्षं याच घरातून किमचीचे डबे भरून नेले, आणि आता घर बघायचंय बाईंना.

खरं टोचत होतं ते वेगळंच. या इमारतीत बायकांना नावं नसतात. ही गीजुनची आई, ती सोराची आई. लेकरू झालं की बाईचं नाव मागे पडतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. फिलसुनला मूल झालं नाही. तिला काय म्हणावं ते कुणाला सुचेना, म्हणून फ्लॅटच्या नंबरावरून ती झाली पाचशे चारवाल्या बाई. आता याच बाईनं बाबागाडीत कुत्रं घालून लिफ्टमध्ये शिरायचं, आणि बाकीच्यांनी तोंड फिरवून हसायचं.

शनिवारी बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. इथल्या घरांत फरशी खालून तापवतात, आणि पाहुणा यायचा म्हणजे ती तापलेली हवीच. मानबोकनं पहाटेच भिंतीवरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं, आणि त्या फरशीवर दोन बोटं जाडीच्या चटया.

गीजुनच्या आईनं दुबूला खाली ठेवलं. ते चार पावलं चाललं, थांबलं, जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागलं. कुंपण, जिना, गादी, कशाकडेही न बघता ते तडक दाराकडे पळालं आणि जोडे काढायच्या गार लाद्यांवर, मानबोकच्या जुन्या बुटाला टेकून, पोट पसरून पडलं.

"पाचशे चारवाल्या बाई, राग मानू नका," गीजुनची आई म्हणाली, "पण हे घर त्याला मानवेल असं दिसत नाही. राहू दे माझ्याकडेच."

मानबोकनं सोफ्याकडे पाहिलं. ते पाहणं फिलसुनला सहन झालं नाही.

"थांबा," ती म्हणाली आणि चटईचं टोक खसकन उचललं. "हात लावून बघा. तवा तापलाय खाली. अहो, पिल्लाचं स्वागत करताय की त्याला भाजताय? सामान आणलंत दुकानभर, अक्कल तेवढी तिथेच विसरलात."

तिनं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि ठेवणीतल्या कपड्यांनिशी गार लाद्यांवर बसली. दुबूनं तिची लसणाच्या वासाची बोटं हुंगली, चाटली आणि मांडीत चढलं.

गीजुनची आई बघत राहिली. "बरं, ठेवा. पण दुबूची आई, याच्याकडे तुम्हीच बघा. बाबांच्या भरवशावर सोडू नका."

आठवडाभरात आला नव्हता इतका राग फिलसुनला आता आला. "म्हणजे मला नाव मिळायला कुत्रं आणावं लागलं," ती म्हणाली. "माझं नाव विचारलं असतंत तरी चाललं असतं. फिलसुन. एकतीस वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाहीत."

गीजुनच्या आईची नजर खाली गेली. ती म्हणाली, "माझं माल्सुक. गीजुन झाल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नाही."

फिलसुननं बाजूचे जोडे सरकवून जागा केली.

"बसा, माल्सुक. लाद्या गार आहेत, पण बसा."