हिन्याच्या अत्तराची बाटली

लग्नघरात हिन्याच्या अत्तराचा वास आला की माझं डोकं तापतं आणि बायको शेजारणीला म्हणते, "झाली ह्यांची मानमोडी सुरू!" मानमोडी म्हणजे ती इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीत ही तापानं फणफणली, तेव्हा मी वांग्याची वाडी तशीच सोडून वाशीमच्या दवाखान्यात रांग धरली. औषधाला बाटली घरून न्यावी लागे, आणि आम्हा माळ्यांच्या घरी काचेची बाटली कुठली? म्हणून भोपळ्याचा तुंबा राखेनं घासून, त्यावर विळ्यानं डोसाच्या रेघा पाडून, मोठ्या तोऱ्यात मी तो कंपौंडरपुढे ठेवला. तो म्हणाला, "ताक न्यायले आला का? बाटली आण." "बायको मरून राह्यली ना जी घरी!" "बाटली आण म्हटलं ना!" हे ऐकून माझ्या मागची म्हातारी औषधासाठी आणलेला आपला पितळी गडवा पदराआड लपवू लागली. तेवढ्यात दाराशी बसलेल्या अत्तरवाल्या चाचांनी आपली हिन्याची बाटली स्वतःच्याच सदऱ्यावर उपडी केली आणि ती माझ्या हातात कोंबली. "घे बेटा. इथं काच पाह्यतेत, माणूस नाही पाहत." बाटली भरून मिळाली, तसा मी जो पळत सुटलो तो घरीच थांबलो. बायको वाचली, औषधानं की अत्तरानं, देव जाणे. त्या कंपौंडरला मी आजही शिव्या घालतो. पण दाराबाहेर येऊन औषध तुंब्यात ओतावं आणि ती बाटली म्हातारीला द्यावी, एवढं मला सुचलं नाही. तुंबा तर माझ्या काखेतच होता.