आईचे तीन इंची पॅड

आई अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांना पॉलिश करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. बोनेट, छत, दरवाजे अशी मोठी कामं तिथले पुरुष मोठ्या मशीनवर करतात. साइड मिररची पाठ, दाराच्या हँडलमागचा खळगा, नंबर प्लेटभोवतीचा पत्रा, हे आईकडे. त्यासाठी हातात मावेल असं छोटं मशीन असतं आणि त्याला फोमचं तीन इंची पॅड लावतात. पॅडच्या पाठीला वेल्क्रो असतो, तो मशीनच्या फिरत्या चकतीला चिकटतो, म्हणून पॅड काढता-घालता येतं. हे मशीन मिळण्याआधी चार वर्षं ती तिथे टायर आणि मॅट धुवायची. मशीन मिळालं त्या दिवशी तिने घरी एवढंच सांगितलं, "आता ओल्यात उभं राहायला नको."

गेल्या वर्षी तिचे पॅड सुटायला लागले. चालत्या मशीनवर फोम वेल्क्रोपासून वेगळा व्हायचा. एकदा पॅड असं सुटलं आणि मशीनची चकती एका काळ्या गाडीच्या मिररला घासली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, तुमचा हात जड आहे. बाकीच्यांचे पॅड बघा किती चालतात. असंच होणार असेल तर परत धुलाईला जा."

हे तिने मला भाजी निवडताना सांगितलं. मग मान वर न करता म्हणाली, "तू नेटवर बघ ना गं. टिकणारे कुठले असतात ते."

तोपर्यंत तिने तिच्या कामातलं मला काही विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मी 'सर्व्हिस' लिहायचे. ते खोटं नव्हतं, पण मी ते कशासाठी लिहीत होते ते मला माहीत होतं.

चार-पाच दिवस मी वाचत बसले. लहान पॅड मोठ्यापेक्षा लवकर खराब होतं, कारण सगळी उष्णता एवढ्याशा फोमवर येते. पॅड चकतीपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे चकतीची कड पत्र्याला लागत नाही. पॅड किती कडक हे रंगावरून ठरवू नये, प्रत्येक कंपनीचा लाल वेगळा असतो. पॅडची कड सरळ कापलेली असेल तर ती कोपऱ्यात अडकून फाटते, उतरती असेल तर कमी. मी हे सगळं वहीत मराठीत लिहून काढलं. काही शब्दांना मला बराच वेळ लागला.

आईच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही घाटकोपरला, गाड्यांचं सामान मिळतं त्या गल्लीत गेलो. दुकानदाराने काउंटरवर चार प्रकार टाकले.

"हा लाल घ्या ताई. एकदम कडक. वर्षभर बघायला नको."

"कडक घेऊन काय करू? चरे उठतील," आई म्हणाली.

"गाडी कुठली आहे तुमची?"

"गाडी कसली. सायकल पण नाय."

तो हसला आणि मग जरा नीट बोलायला लागला. आईने एकेक पॅड अंगठा आणि दोन बोटांत दाबून सोडलं. फोम किती वेळात परत वर येतो ते ती बघत होती. दाबलेला खड्डा तसाच राहिला ते पॅड तिने बाजूला सारलं. मग नखाने वेल्क्रोची कड उचकून बघितली. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं. मी फक्त जाडी आणि कड बघितली. शेवटी आम्ही दोघींनी बोट ठेवलं ते एकाच पॅडवर. मध्यम घट्ट, करड्या रंगाचं, उतरत्या कडेचं.

"मुलीला कळतं की," दुकानदार म्हणाला.

"इंग्लिशमधून वाचलंय तिने," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. मी पाकिटाकडे बघत राहिले.

घरी परतताना गोवंडीच्या बसमध्ये मी त्या पाकिटाची मागची बाजू वाचली. बारीक इंग्रजी अक्षरांत धुण्याच्या सूचना होत्या. पिळू नये. गरम पाणी आणि कपड्यांची पावडर वापरू नये. उन्हात वाळवू नये. वाळवताना फोमची बाजू खाली ठेवावी, म्हणजे पाणी फोम आणि वेल्क्रोमधल्या गोंदात उतरत नाही.

बाकीचे कामगार आपले पॅड वर्कशॉपमध्येच हवेच्या पाइपने साफ करायचे. आईला ते पटायचं नाही. पाण्यातून काढल्याशिवाय वस्तू स्वच्छ झाली असं ती मानत नाही. म्हणून आठवडाभराचे पॅड पिशवीतून घरी यायचे आणि ते धुणं माझं काम होतं. मी ते गरम पाण्यात पावडर घालून भिजवायचे. आमच्या गल्लीत नळ सामाईक आहे. पॅडमधून करडं, तेलकट पाणी निघायचं आणि रांगेतल्या बायका विचारायच्या, हे काय गं? ते लवकर संपावं म्हणून मी प्रत्येक पॅड पोतेऱ्यासारखं पिळायचे, अंगातला सगळा जोर लावून. मग पत्र्यावर उन्हात टाकायचे.

घरी आल्यावर मी औषधांचं पाकीट काढलं. आई गोळ्या ज्यात ठेवते ते जुन्या पॅडचंच पाकीट होतं. त्याच्या मागेही त्याच ओळी होत्या. तीन वर्षं ते आमच्या फळीवर होतं.

मी आईला सांगितलं नाही. आता बरोबर धुतले की झालं, असं स्वतःला समजावलं. पुढचे तीन आठवडे मी साध्या पाण्यात, हलक्या हाताने पॅड धुतले आणि घरात पंख्याखाली वाळवले. एकही सुटलं नाही. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "पोरीने निवडले, बघा कसे टिकतात." मी आत जाऊन पाणी प्यायले.

चौथ्या आठवड्यात आई घरी येऊन नुसती बसून राहिली. चहासुद्धा ठेवला नाही.

"काय झालं?"

"दोन मिरर परत करायला लावले. म्हणे, काम कच्चं आहे, चरे तसेच दिसतात."

"पॅड खराब झालं का?"

"पॅड चांगलंय. मी दाबतच नाय आता. हात जड आहे ना माझा, म्हणून सांभाळून करते." तिने उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. "आधी कळायचं किती दाबायचं. आता भीती वाटते."

मला वाटलं होतं, माझ्या गप्प राहण्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. दोन्ही पाकिटं समोर ठेवली आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "दाबून पिळायचीस?"

"हो."

"कपडे तर कधी असे पिळत नाहीस. वरवर पिळून माझ्याकडे देतेस."

"नळावर सगळे बघायचे."

"काय बघायचे?"

ती उठली, गॅस पेटवला, चहाचं पाणी ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "आणि कधी कळलं तुला?"

"पॅड आणले त्या दिवशी. बसमध्ये."

"म्हणजे महिना झाला."

"हो."

जेवणानंतर भांडी घासताना ती म्हणाली, "शेठला मी सांगेन, पाण्याने गेले म्हणून. तुझं नाव नको."

"मी येते. मी सांगते."

"तू? तू तिथे कुणाशी बोलणार?"

सकाळी मी तिच्याबरोबर घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेले. इतक्या वर्षांत मी तिचं वर्कशॉप कधी बघितलं नव्हतं. शेठ फोनवर होता. मी थांबले. मग घरी पाठ केलेली वाक्यं म्हटली. पॅड मी धुवायचे, मी ते पिळून, उन्हात टाकून खराब केले, आईच्या हातात काही दोष नाही. तिसरं वाक्य मध्येच अडकलं आणि मला ते पुन्हा सुरू करावं लागलं.

तो म्हणाला, "बरं. मग आता इथेच साफ करा म्हणावं," आणि परत फोनवर बोलायला लागला. हात जड असल्याचं जे सर्वांसमोर बोलला होता, त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते कळलं असणार.

ती आत गेली. एका पांढऱ्या गाडीजवळ गुडघ्यांवर बसली, मिररच्या पाठीला पॅड टेकवलं आणि मशीन चालू केलं. आधी वरवर फिरवलं. मग थांबली. डाव्या हाताने मिरर धरला, खांदा पुढे घेतला आणि दाबलं. फोम तिच्या बोटांखाली पसरला आणि मशीनचा आवाज जाड झाला. मला वाटलं, आता सुटेल. सुटला नाही. ती तशीच हळूहळू, एकसारखी, कडेपर्यंत नेत राहिली.

मशीन बंद करून तिने फडक्याने पत्रा पुसला आणि मान तिरकी करून उजेडात बघितला. मी अजून उभी आहे हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"जा आता," ती म्हणाली. "तुला उशीर होईल."