गेटवर तापलेलं इंजेक्शन

निघोज्याच्या त्या कंपनीत जयमालाच्या रागाला मॅनेजरसुद्धा वळसा घालून जायचे. मूळची जालन्याकडची, राहायला मोशीला, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर सहा वर्षं. हात असा चाले की शेजारच्या बायका म्हणायच्या, "हिनं दहा बोटं गावाहून आणली, दहा इथं येऊन बसवून घेतली."

मग त्याच बोटांनी दगा दिला. सकाळी मूठ मिटेना, कप धरवेना. वेणी नवरा घालू लागला. निरंजननं घातलेली ती वाकडी वेणी बघून लाइनवर आठवडाभर करमणूक झाली, खोटं कशाला बोला!

"वात आहे," म्हणून अर्ध्या मोशीनं तेलं सुचवली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संधिवातच, पण निराळा. अंगातले राखणदार चोराला सोडून घरधन्यालाच बडवतायत." गोळ्यांनी भागेना, तेव्हा टीबीची तपासणी वगैरे करून त्यांनी दर पंधरा दिवसांनी पोटावर टोचायचं, पेनासारखं इंजेक्शन सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात बोटं पुन्हा वायरींवर नाचायला लागली. खोड एकच. इंजेक्शनला फ्रीजचा गारवा लागतो. गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया.

एप्रिलातल्या एका मंगळवारी दवाखान्याच्या खिडकीपुढं सकाळ घालवून जयमालानं पेन मिळवलं, बर्फाच्या पिशवीसकट डब्यात घातलं आणि थेट दुसऱ्या शिफ्टला आली. कंपनीच्या दवाखान्यात फ्रीज होता, सिस्टरशी बोलणं झालेलं होतं.

गेटवर ज्ञानदेव होता. कंपनीच्या जागेत पूर्वी त्याच्या बापाची ज्वारी उभी असायची, त्यामुळं तो गेट राखायचा ते बांध राखल्यासारखं.

"डब्यात काय हाय?"

"इंजेक्शन आहे काका. माझंच."

"मटेरियल आत न्यायचं तर गेटपास लागतो. रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

"म्हणजे?"

"परत भाईर येनार का न्हाई?"

"काका, ते माझ्या पोटात जाणार! शिफ्ट सुटली की पोटासकट बाहेर येईन!"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. ज्ञानदेव हसला नाही. पासवर स्टोअरच्या साहेबांची सही हवी आणि साहेब मीटिंगला. "हितं ठिव. सही झाली की धाडतो सिस्टरकडं. म्या हाय ना."

पंचिंगला दोनच मिनिटं उरली होती. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा खाडा. "सावलीत ठेवा बरं का," असं दोनदा बजावून ती पळाली.

साडेपाचच्या चहाला ती सिस्टरकडं गेली. डबा आलाच नव्हता. तशीच गेटवर गेली, तर डबा केबिनच्या खिडकीत, पश्चिमेच्या उन्हात, झाकण उघडं. बर्फाची पिशवी कुठं? पाण्याच्या पिंपात तरंगत होती.

"पानी लई गरम व्हतं," ज्ञानदेव म्हणाला. "म्हून जरा..."

"जरा?" जयमालानं डबा टेबलावर आपटला. "तुमच्या म्हशींना लस टोचायला डॉक्टर येतो तेव्हा त्याचा बर्फ काढून पाणी पिता का, काका? का माझ्यापेक्षा म्हैस मोठी?"

ज्ञानदेवाचा चेहरा उतरला. लसीचा डबा उन्हात ठेवला म्हणून मागच्याच साली त्यानं त्या डॉक्टरला गावभर ऐकवलं होतं.

"लिहा," ती म्हणाली. "डबा गेटवर अडवला, बर्फ काढला, उन्हात ठेवला. वेळ टाका, सही करा. लेखी असल्याशिवाय मोठा दवाखाना दुसरं देत नाही. दुसरं नाही मिळालं तर ही बोटं परत लाकडं होतील. मग कोण ठेवणार मला लाइनवर? तुम्ही?"

तेवढ्यात सिक्युरिटीचे साहेब आले, रविराज. हा माणूस कागदावर सही करताना सुद्धा शाई वाचवायचा.

"ताई, आधी लाइनवर जा. तिकडं काम थांबलंय."

"थांबू द्या."

"अहो, टोचून टाका की तेच. औषध आहे, दूध आहे का नासायला?"

"मग तुम्हीच घ्या टोचून. या, शर्ट वर करा."

रविराज दोन पावलं मागं सरकले. जयमाला जाऊन बॅरियरसमोर उभी राहिली. माल भरलेला ट्रक मागं हॉर्न मारत होता, ड्रायव्हर शिव्या देत होता. ती हलली नाही.

ज्ञानदेवानं वही ओढली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहू लागला.

"काका, काय करताय? आपल्यावर येईल!" रविराज ओरडले.

"येऊ द्या. जे झालं ते लिवतोय."

जयमालानं पानाचा फोटो काढला, पान फाडून घेतलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. नवं पेन अकराव्या दिवशी मिळालं. तोवर मूठ पुन्हा आखडली होती आणि लाइनवरची सगळ्यात चपळ बाई खोक्यांवर स्टिकर चिकटवत बसली होती, तेही वाकडे.

त्या अकरा दिवसांत ज्ञानदेव रोज विचारायचा, "पोरी, बोटं कशी हायत?" बायका म्हणायच्या, "जाऊ दे गं, म्हातारा आहे, लिहून तरी दिलं त्यानं."

"लिहून दिलं ते ठीक," जयमाला म्हणायची. "बर्फ कुणी काढला?"

आणि त्याच्याकडं न बघता पुढं निघून जायची.